राणीचा भरडा

म्हसवडच्या माळावर केरबाचं घर एकटंच आहे. मेंढरं होती तोवर अंगणात उभं राहायला जागा नसायची. गुडघे गेले, मेंढरं विकली आणि मागल्या साली बायको शालूबाई गेली. उरली एक गाय आणि तिची तान्ही कालवड, राणी.

मुलगा मल्हार केरळात गलाईच्या दुकानात सोनं गाळतो. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, "आबा, कालवड जगली तर ऱ्हावा तिथं. न्हाई जगली तर गाय इकायची आन् माज्याकडं यायचं."

केरबा त्याच्याकडं एकदा राहून आला होता. दुकानावरची खोली, खिडकीसमोर भिंत, आणि आसपासच्यांचं बोलणं कळत नाही. त्याला तिथं परत जायचं नव्हतं.

राणी दुधावर होती. आता थोडा मका सुरू करा, असं दूध डेअरीवर सांगितलं होतं. केरबानं जन्मभर मेंढरं राखली. कोकरू आईमागं चरायला शिकतं, त्याला कुणी दाणा भरवत नाही. दाणा भरवायचा म्हटल्यावर त्याला माणसाचं लेकरूच आठवलं. त्यानं मका गिरणीतून दोनदा दळून आणला, शालूबाईच्या चाळणीनं चाळला आणि ते भुकटीसारखं पीठ तळहातावर घेऊन राणीपुढं धरलं. पीठ नाकात जाऊन ती शिंकायची. तरी तो रोज चारायचा.

पुढच्या आठवड्यात राणीचं पोट डाव्या अंगाला फुगलं. शेण पातळ झालं, त्याला आंबूस वास यायला लागला. ती मान टाकून बसली.

केरबानं जनावरांच्या डॉक्टरला, तासगावकडच्या सोनमला, बोलावलं. तिनं पोटावर हात दाबून पाहिला. "आबा, काय चारलंत?"

"मक्याचं पीठ. चाळून, बाई."

"चाळून? पुरणपोळ्या करायच्या होत्या का?"

"आवं, तान्ह्या जिवाला खडं चारू व्हय?"

"तिला खडेच पाहिजेत. बारीक पीठ पोटात एकदम आंबतं. भरडलेला दाणा हळूहळू पचतो, पोटाला आतून घासतो. आत बारीक लव असते, ती त्यानं वाढते. मग पोट तयार होतं आणि ती रवंथ करायला लागते. पोटाला काम नको का?"

तिनं औषध पाजलं, पीठ बंद करायला लावलं. "पोट उतरलं की भरडा द्या, मूठभरच. पाणी पुढं ठेवा. रवंथ दिसला की समजा, जगली."

गिरणीवाला नानासो भरडा काढून देईना. "आबा, कणी मागं ऱ्हाती. दुसऱ्याच्या भाकरीत कचकच झाली की शिव्या मला."

मग केरबानं शालूबाईचं जातं अंगणात ओढलं. जातं त्यानं कधी फिरवलं नव्हतं. मूठभर मका घातला, खुंटा धरून फिरवला. परत पीठच पडलं. शेजारच्या रानातली सुलाबाई कुंपणाशी येऊन हसली.

"भावजी, सासुरवास सुरू झाला जणू!"

"हस, वैनी. बाया जात्यावर गात्यात म्हनं. मला तर दमच लागतुय."

"मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळा की. वरचा दगड उचलंल, भरडा पडंल. शालू तसंच करायची."

केरबानं खिळ्याला चिंधी गुंडाळली. इतकी वर्षं ती भरडत होती आणि त्यानं कधी पाहिलं नव्हतं. सुलाबाई गेली. तो एकट्यानंच फिरवत राहिला. एका हातानं खुंटा, दुसऱ्यानं मका. दाण्याचे दोन-तीन तुकडे होऊन बाहेर पडायला लागले.

पोट उतरल्यावर त्यानं भरडा पुढं ठेवला. राणीनं हुंगला, मान फिरवली. दुसऱ्या दिवशी चाटला. मग कडकड खाल्ला. रवंथ मात्र दिसेना. गाय रवंथ करत बसली की केरबा तिच्याकडं न बघता राणीच्या जबड्याकडं बघत बसायचा.

एका दुपारी राणी सावलीत बसली होती. गळ्यातून काहीतरी वर आलं आणि जबडा आडवा हलायला लागला. केरबा उठून उभा राहिला. अंगणात कुणी नव्हतं. त्यानं मल्हारला फोन लावला.

"रवंथ करतीया रं!"

मागं यंत्राचा आवाज येत होता. "मग ऱ्हाताय तिथंच?"

"व्हय."

"बरं. येळंवर जेवत जावा, आबा." फोन बंद झाला.

केरबाला हवं होतं तेच झालं होतं. घरात जाऊन त्यानं ताटलीत भाकरी चुरली, दूध ओतलं. मग ताटली घेऊन तो सावलीत आला आणि राणीकडं तोंड करून जेवायला बसला.