तिसऱ्या अंकातलं मरण

१९३४ च्या माघात बारामतीच्या हौशी मंडळींनी एक नवं नाटक उभं केलं. पस्तीसेक वर्षांपूर्वी, संवत छप्पन्नच्या दुष्काळात निरवांगी गावचं धान्य लुटायला टोळी आली आणि तात्याबा नावाचा तरुण एकटा लढून मेला, असं त्याचं कथानक. खरा तात्याबा निरवांगीत जिवंत होता आणि मळ्यात वांगी लावत होता. मंडळींना हे ठाऊक होतं. त्यात कुणाला अडचण वाटली नाही. उलट पहिल्या प्रयोगाचा नारळ फोडण्याचा मान त्यालाच दिला. नारळ फोडून तो पुढच्या रांगेत बसला आणि तिसऱ्या अंकात त्यानं स्वतःला मरताना पाहिलं. आसपासची माणसं रडत होती.

दुसऱ्या दिवशी तो सावळारामकडे गेला. नाटक लिहिणारा सावळाराम दिवसा कापडाच्या दुकानात बसायचा.

"सावळारामराव, मेला त्यो रमजान. मी न्हाय."

"माहीत आहे की. तुमच्या गावानं दोन्ही नावं सांगितली होती."

"मंग?"

"रंगभूमीवर दोघं उभे केले, तर लोकांना कळत नाही, रडायचं कुणासाठी. म्हणून दोघांचा एक केला. नाव जिवंत माणसाचं ठेवलं, म्हणजे गाव गाड्या जुंपून येईल. आलं की नाही?"

"आलं. चाँदबी पण आली हुती."

चाँदबी ही रमजानची बायको. नवरा गेला तेव्हा ती विशीतही नव्हती.

"काही म्हणाली?"

"परतताना एकाच गाडीत हुतो. म्हणली, दादा, तुमी झकास मेला."

सावळारामला हसू आलं. तात्याबाचा चेहरा पाहून ते थांबलं. त्यानं हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला.

"इंदापूरच्या प्रयोगात रमजानला मारू. अवघड नाही. पण मग लोक विचारणार, तात्याबा कुठं होता?"

टोळी आली त्या संध्याकाळी तात्याबा आणि रमजान दोघंही राखणीला होते. जमिनीत धान्य साठवायची दोन पेवं होती. एकात ज्वारी, दुसरं रिकामं. टोळी दिसताच रमजान भरल्या पेवाच्या तोंडावरच्या दगडावर उभा राहिला. तात्याबा रिकाम्या पेवात उतरला. रमजानची हाळी ऐकून गाव धावून आलं तेव्हा टोळी पळाली होती आणि रमजान पडला होता. तात्याबाला दोर टाकून वर काढलं ते चाँदबीनं. ती गावात कुणाला काही बोलली नाही.

"इंदापुरात माझ्या नातीचं सासर हाय," तात्याबा म्हणाला. "समदी येणार बघायला."

"म्हणूनच विचारतो. आहे तसं राहू दे का?"

"न्हाय. मी पेवात हुतो. तसंच लिवा."

सावळारामनं लिहिलं. इंदापूरला पेव म्हणून एक मोठं लाकडी खोकं ठेवलं होतं. तात्याबा झालेला नट त्यात उतरताना त्याचं धोतर कडेला अडकलं. लोक खो खो हसले.

"आरं तात्याबा, झाकण लावून घे!" मागून कुणी ओरडलं. शिट्ट्या वाजल्या.

नातीचे सासरे झुंबरराव तात्याबाच्या शेजारी होते. ते मोठ्यानं हसले, मग एकदम उपरणं नीट करत बसले. तात्याबा समोर पाहत राहिला. त्याच्या दुसऱ्या बाजूला बायकांची रांग सुरू होत होती. तिथं पहिलीच चाँदबी.

रंगभूमीवर रमजान दगडावर चढला. छातीत भाला घेऊन तो बोलू लागला: या मातीबद्दल, उपाशी लेकरांबद्दल, घरी वाट पाहणाऱ्या बायकोबद्दल. हसणारी माणसं शांत झाली. खालच्या खोक्यात नट अवघडून बसला होता; त्याचा खांदा दिसत होता.

चाँदबी तात्याबाकडे वाकली. "ह्ये काय बोलतंय? तुमी तर खालीच हुता. ह्यांनी काय म्हटलं हुतं?"

"नुसती हाळी दिली. एकदाच. तुजं नाव न्हाय काढलं, वहिनी." तात्याबा घुटमळला. "सांगू का सावळारामला? पुढल्या खेळाला ह्ये बोलणं काढंल त्यो."

रमजान अजून मरत होता. बायकोला उद्देशून त्याचं आणखी एक वाक्य झालं. चाँदबीनं पदर तोंडाशी धरला होता. नजर समोरून हलली नाही.

"गप बसा, दादा," ती म्हणाली. "बोलू द्या त्याला."