देवगडचे घर, दौलताबादच्या मेंढ्या

सांडूचा बिरू, बिरूचा हनुमान आणि हनुमानाची लेक रत्नमाला. दौलताबादच्या डोंगराखाली मेंढरे राखणाऱ्या या घराण्याने कुणाचे दाणे फुकट खाल्ले नाहीत. अपवाद एकच. बहात्तरच्या दुष्काळात बिरूने गावच्या मोठ्या शेतकऱ्याकडून, आप्पासाहेबांकडून, सहा पोती ज्वारी उचलली. मोबदल्यात शंभर मेंढ्या चाळीस रात्री त्यांच्या वावरात बसवून जमिनीला लेंडीखत देण्याचा शब्द दिला. पुढे रोगाने कळप संपला. शब्द मात्र राहिला.

तेव्हा सत्तावीस वर्षांचा असलेला हनुमान आज ऐंशीचा आहे. ‘बाचा शब्द फेडल्याबिगर मला नेऊ नको,’ असे त्याने कुळाच्या देवाला, बिरोबाला, बजावून ठेवलेले.

रत्नमाला देवगडच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिथे तिने सोळा वर्षांपूर्वी चार लाखांना चिऱ्याचे घर घेतले, तेव्हा खारा वारा भिंती खाऊन टाकील म्हणून लोक हसले. ती हसली नाही. गल्लीतले प्रत्येक घर केव्हा विकले, कितीला विकले, विहिरीसह की विहिरीवाचून, हे तिने ध्यानात ठेवले. नवाचे अठरा, अठराचे तीस होताना तिने पाहिले. निवृत्त होऊन ती दौलताबादजवळच्या शहरात, छावणी भागात भाड्याने राहू लागली आणि देवगडचे दलाल तात्यासाहेब तिच्या दारी आले, तेव्हा म्हणूनच तिला भाव कुणाला विचारावा लागला नाही.

“बाई, चाराचे चाळीस होतात. आणखी काय हवे?”

“शेजारचे घर बावन्नला गेले. त्याला ना विहीर, ना समुद्र दिसतो. माझ्या विहिरीचे पाणी गोडे आहे, तात्यासाहेब.”

“या वयात एवढा हट्ट?”

“वय तुमचे झाले. मी नुकती मोकळी झाले आहे.”

असे बोलणे सोपे. थांबणे अवघड होते. तिकडे दौलताबादला हनुमानाचा खोकला वाढत होता आणि मेंढ्यांचा पैसा या घरातूनच यायचा होता. एकेक महिना म्हणजे बापाच्या आयुष्याशी जुगार, हे ती जाणत होती. तरीही ती चार महिने ढळली नाही. घर सत्तावन्नला गेले. चाळीस लाखांत तिने शहरात दोन खोल्या घेतल्या, चौदा लाखांत शंभर मेंढ्या.

आप्पासाहेबांच्या मागे वावर त्यांच्या सुनेच्या, आवडाबाईंच्या हाती होते. कळप बांधावर पाहून त्या चकित झाल्या.

“अगं, आम्ही कधीच सोडून दिलं व्हतं. आता गोणीतलं खत येतं.”

“सोडायला आम्ही काय भीक मागितली व्हती?” हनुमान कडाडला. आवडाबाई हसल्या आणि बाजूला झाल्या.

संध्याकाळी त्याने काठी टेकवत कळप मोजला आणि लेकीकडे वळला.

“यात वीस कोकरं हायेत. दूध पितं कोकरू खताला धरत नाय, पोरी. दवाखान्यात अशीच नाडी मोजत व्हतीस व्हय?”

रत्नमालेचा चेहरा उतरला. गल्लीभर घरांचे भाव पाठ असणारी ती, आणि मेंढपाळाच्या पोटी जन्मून इथे चुकली! आता बाप किती रात्री काढील, हा प्रश्न होता. पण घासाघीस करून मिळवलेल्या भावातले तीन लाख गाठीला होते. दुसऱ्याच दिवशी बाजारातून तिने वीस थोराड मेंढ्या आणल्या. ती पहिली रात्र हनुमानाने हिशेबात धरू दिली नाही.

पुढचे चाळीस दिवस तो वावराच्या कडेला खोपटात राहिला. खोकत होता, पण उठत होता. रत्नमाला त्याला औषध पाजी आणि कळप हाकी. साठीला टेकलेल्या त्या बाईच्या पायात सांडूची चाल उतरली होती.

चाळिसावी रात्र सरली त्या सकाळी आवडाबाई आल्या. त्यांनी मूठभर माती उचलून चुरली. हनुमान हात जोडून उभा राहिला.

“मोजून घेतलंत न्हवं, बाई?”

“रोज सकाळी येऊन मोजत व्हते, दादा. शंभर मेंढ्या, चाळीस रात्री. एक बी कमी नाय. बिरूचं देणं फिटलं.”