छर्‍याच्या बंदुकीशेजारचा चष्मा

मी एक जुना चष्मा आहे, मित्रांनो. पण मला लावून आजवर कुणी वर्तमानपत्राची एक ओळही वाचलेली नाही. माझ्या काचा नंबराच्या नाहीत. काचा म्हणायच्या एवढंच, आहेत जाड प्लॅस्टिकच्या. भोवती रबरी कड आणि मागे ताणायचा पट्टा. मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि १९९६ साली मी बारामतीत इंदिराबाईंच्या खेळण्यांच्या दुकानात आलो.

त्याच वर्षी दुकानात छर्‍याच्या बंदुका आल्या. बारक्या वाटाण्याएवढे प्लॅस्टिकचे छर्रे त्यातून सणसणत सुटायचे. एकट्याने आलेल्या लहान मुलांना बंदूक विकायची नाही आणि मला डोळ्यांवर चढवल्याशिवाय ती कुणाच्या हाती द्यायची नाही, हा इंदिराबाईंचा दंडक. गिर्‍हाइकं मला बघून हसायची. एकाने तर 'बेडूक' असं नावच ठेवलं. मला फार वाईट वाटायचं.

एकदा जवळच्या कन्हेरी गावचे तात्याबा आले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता ज्वारी करायचे. गोफणीचा त्यांचा नेम पंचक्रोशीत नावाजलेला.

"खांदा दुखतोय, बाई. पाखरं उठवाया ती बंदूक द्या."

"देते तात्या, पण आधी चष्मा."

"पाखरं काय मला उलटा छर्रा मारत्यात व्हय?"

एवढ्या वडीलधार्‍या माणसापुढे इंदिराबाई अवघडल्या, पण बधल्या नाहीत. शेवटी तात्याबांनी कुरकुरत मला पटक्यावरून ओढून घेतलं.

चिंध्या भरलेल्या खोक्यावर त्यांनी पाच छर्रे मारले, पाचही मधोमध. स्वारी खुलली. सवयीने त्यांनी बंदूक ताणायचा खटका पुन्हा मागे ओढला, मग छर्‍यांची डबी काढून टेबलावर ठेवली. "झाली रिकामी," म्हणत त्यांनी नळी स्वतःकडे वळवली आणि आत डोकावले. अंगठा घोड्यावर पडला.

टक्!

माझी उजवी काच झणझणली. छर्रा उडून भिंतीला लागला. तात्याबांनी मला काढून डोळा चाचपला, मग मला कितीतरी वेळ न्याहाळलं.

"दगड सुटला की गोफण रिकामी," ते हळूच म्हणाले. "ही मातूर पोटात एक ठेवती."

इंदिराबाईंनी बंदूक उचलून बाजूला ठेवली. "चूक माझी, तात्या. खटका ओढला की एक छर्रा नळीत चढतो आणि डबी काढली तरी तिथंच राहतो, हे मीच आधी सांगायला हवं होतं."

"मी ऐकलं असतं व्हय?" तात्याबा हसले. "बंदूक र्‍हाऊ द्या. पाखरांना गोफण बास हाय. ह्यो चष्मा द्या, मळणीच्या धुळीला लावीन."

बंदूक खपली नाही, तरी इंदिराबाई पोटभर हसल्या. मला मात्र त्यांनी तात्याबांना दिलं नाही. मार लागलेला चष्मा विकायचा नाही म्हणाल्या आणि नवा कोरा बांधून दिला. त्या दिवसापासून डबी काढल्यावरही नळीत काय उरतं, ते त्या प्रत्येक गिर्‍हाइकाला दाखवू लागल्या. मला बेडूक म्हणणंही थांबलं.

मित्रांनो, खेळा, खुशाल नेम धरा. पण 'रिकामी आहे' या शब्दावर कधी विसंबू नका, आणि जो दुकानदार चष्म्यासाठी अडून बसतो त्याच्यावर रागावू नका. माझ्या उजव्या काचेवर एक पांढरा खड्डा आहे. त्यावर बोट ठेवून बघा. बरोबर त्याच्यामागे तात्याबांचा डोळा होता.