शिट्ट्याची नोंदवही

बॉयलरवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कुत्र्याचं पिल्लू कसं शिकवायचं ते कुणी सांगू नये. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आत पाणी किती गेलं, बाहेर किती आलं आणि कधी आलं, एवढ्यावर नजर ठेवायची. नजर हटली की घात झालाच म्हणून समजा.

पिल्लू सूनबाईने आणलं. ती दातांच्या डॉक्टरकडे पेशंटना नंबर द्यायच्या कामावर आहे. एका शुक्रवारी संध्याकाळी घरी आली आणि पिशवीतून हे मूठभर प्रकरण काढून खाली ठेवलं. ठेवल्याबरोबर त्याने इतक्या बारीक आवाजात कुंईकुंई सुरू केली की मी म्हटलं, अरे, हा तर शिट्ट्या. तेच नाव पडलं.

मला वाटलं, आता भांड्याला भांडं लागणार. माझ्या मुलाला कुत्री मुळीच आवडत नाहीत. त्यात त्याचा धंदा लाकडी जमिनी बसवायचा. स्वतःच्या घरातली जमीन त्याने दोन वर्षं सुट्ट्या घालवून, एकेक पट्टी हाताने घासून बसवलीय. घरात पाऊल टाकलं की आधी जमिनीकडे बघतो, मग आमच्याकडे. आणि नेमका त्याच आठवड्यात तो नाक वर करून घरभर फिरत होता. "कसलातरी वास येतोय. लाकडाला काहीतरी लागलंय," म्हणायचा. सूनबाई म्हणायची, बाथरूमच्या जाळीचा असेल. अशा वेळी घरात पिल्लू आणायचं म्हणजे धाडसच की.

पण मुलगा ओरडला नाही. तो ओरडत नाही कधी. पिल्लाकडे बघून म्हणाला, "एक महिना. महिन्यात शिकलं तर राहील. नाहीतर जिथून आणलं तिथे परत."

जिथून आणलं म्हणजे गोदामाच्या मागून. सूनबाईच्या मैत्रिणीला ते तिथे ट्रकच्या चाकांमध्ये सापडलं होतं. तीन भावंडं होती, दोन चिरडली होती.

"मी शिकवतो," मी म्हटलं.

सूनबाई चटकन म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? शिकेल हळूहळू."

त्रास घेऊ नका! मुलाची आई गेली आणि आठ महिन्यांपूर्वी मी या घरात आलो, तेव्हापासून हेच ऐकतोय. गॅसला हात लावू नका, बाजाराला जाऊ नका, बसा आरामात. बसून बसून माणूस गंजतो हो. मला काम हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ते पिल्लू माझ्या बोटाला चाटत होतं, तेव्हा बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वही आणून रेघा मारल्या. वेळ, पाणी, खाणं, झोप, शी, शू, जागा. झोपेतून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून दमला की बाहेर. अंगणात कोपऱ्यातल्या झाडाखाली उभं करायचं, "कर" म्हणायचं आणि केलं की तिथल्या तिथे बिस्किटाचा तुकडा. संध्याकाळी सातला पाण्याची वाटी उचलायची. मुलगा म्हणाला, "घरात केलं की त्यात तोंड घास त्याचं, बरोबर शिकेल." मी म्हटलं, "दाब वाढला म्हणून काट्याला कुणी चापट मारतं का? चूक काट्याची नसते, लक्ष न देणाऱ्याची असते."

दहाव्या दिवसापर्यंत शिट्ट्या दाराशी जाऊन पंजा मारायला लागला. हुशार जात! मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो. फक्त एक गोष्ट जमेना. आमच्या खोल्यांच्या मधल्या बोळाच्या टोकाला चपलांचं कपाट आहे, त्याच्या शेजारचा कोपरा रोज सकाळी ओला. कधीकधी दुपारच्या झोपेनंतरही. घरात दुसरीकडे कुठे थेंब नाही, फक्त तिथेच. मुलगा गुडघ्यावर बसून तो कोपरा पुसायचा, पट्टीच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा आणि एक शब्द न बोलता कामाला जायचा. मला त्याच्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

भीती का, तेही सांगतो. हा माझा मुलगा एकदा ठरवलं की मागे वळून बघत नाही. त्याचा मामा नळ उघडे ठेवायला लागला, घराचा रस्ता विसरायला लागला, तर चौथ्या दिवशी मामाला वृद्धांच्या संस्थेत ठेवून आला. कपडे, औषधं, चष्म्याची जादा जोडी, सगळं व्यवस्थित बांधून. पाचव्या दिवशी त्याची खोली भाड्याने दिली. मी मामाला भेटायला दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तो खिडकीशी बसून मला 'साहेब' म्हणाला. तिसऱ्यांदा जायचा धीर झाला नाही. जो मामाची गय करत नाही तो कुत्र्याची काय करणार?

म्हणून मी लाकडी खोकं केलं. आत गोधडी, पुढे जाळीचं दार. रात्री नऊला शिट्ट्याला शेवटचं बाहेर काढायचं, कोपऱ्यात हात फिरवून कोरडं आहे बघायचं, मग त्याला खोक्यात घालून दाराला तार गुंडाळायची. आमच्याकडे बॉयलरच्या सुरक्षा झडपेला अशी तार असायची, कुणी हात लावलाच तर कळावं म्हणून. तीन पीळ डावीकडे, एक उजवीकडे, ही माझी खूण. दुसऱ्या कुणाला तो पीळ जमत नाही.

पहाटे पाचला उठून पाहिलं. तार जशीच्या तशी. गोधडी कोरडी. शिट्ट्या शेपूट आपटतोय. आणि बोळाच्या टोकाला सूनबाई, हातात फडकं, कोपरा पुसत बसलेली. दिवासुद्धा लावला नव्हता.

"शिट्ट्याने केलं, बाबा," ती म्हणाली.

"तो तर खोक्यात बंद आहे."

"मग रात्री केलं असेल."

"रात्री नऊला मी स्वतः हात फिरवून बघितलंय. कोरडं होतं."

तिने फडकं बादलीत पिळलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळं कशाला लिहून ठेवता हो तुम्ही?"

तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी वहीत लिहिलं: तार शाबूत. गोधडी कोरडी. कोपरा ओला. सूनबाई तिथे हजर.

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. चौतीस वर्षं बॉयलरच्या काचनळीतल्या पाण्याच्या रेषेवर नजर ठेवलेला माणूस मी, माझ्या डोळ्यांतून काय सुटणार? तिसऱ्या दिवशीच पकडलं. रात्रीचे आठ वाजले असतील. मी सातला उचलून ठेवलेली वाटी तिने खाली घेतली, काठोकाठ भरली आणि पिल्लापुढे ठेवली. अंगणाच्या दाराला आतून कडी घातली. पिल्लू दाराशी जाऊन पंजा मारतंय आणि ही नुसती बघत उभी.

माझं डोकं सणकलं. "काय चाललंय हे? हौसेने आणलंस आणि आता नकोसं झालं? नवऱ्याच्या हातून बाहेर काढायचंय? सरळ सांग की."

ती रडायला लागली. मला वाटलं होतं उलट बोलेल, तर रडली. "बाबा, तो सहा महिन्यांनी शिकला तरी चालेल मला. वर्षाने शिकला तरी चालेल. तुम्ही इतकी घाई करू नका. पाया पडते तुमच्या."

"वर्ष? तुझ्या नवऱ्याने महिना दिलाय, विसरलीस?"

"त्यांना मी सांभाळीन. लहान पिल्लू आहे म्हटल्यावर ते काही दिवस गप्प बसतात."

हे काय बोलणं झालं? कुठेतरी पाणी मुरतंय हे मला स्पष्ट दिसत होतं. रडणाऱ्या माणसाचा मला राग येतो, कारण त्याच्याशी भांडता येत नाही. मी कडी काढली आणि शिट्ट्याला घेऊन अंगणात गेलो. त्याने पाच सेकंदांत केलं. मी लिहून ठेवलं.

त्या रात्रीपासून ती माझ्याशी कमी बोलायला लागली. पण वागण्यात काही कमी नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर. उलट जास्तच माया. संध्याकाळी माझ्या पाण्याचा तांब्या मात्र अर्धाच भरलेला असायचा. मी एकदा टोकलं तर म्हणाली, रात्री झोपमोड होते तुमची. एके दिवशी तिने माझ्या खोलीत पलंगाच्या उजव्या बाजूला एक बारका दिवा लावला, रात्रभर जळेल असा. बाथरूम उजवीकडे आहे ना बाबा, असं म्हणाली. अगं, मला काय माहीत नाही बाथरूम कुठे आहे? मी दिवा बंद करून टाकला. उजेडात झोप लागत नाही मला.

महिना रविवारी भरला. सकाळी मुलगा चहा घेत बसला होता, सूनबाई ओट्याशी. कोपरा त्याने आधीच पाहून घेतला होता. ओला होता. तो कप ठेवून म्हणाला, "बाबा, संपला महिना. दुपारी सोडून येतो त्याला."

मी वही त्याच्यापुढे ठेवली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? वाच."

मुलगा अर्धवट काही करत नाही. पहिल्या पानापासून वाचत गेला. मी शिट्ट्याला मांडीवर घेऊन बसलो. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं. सूनबाई म्हणाली, "राहू दे ना ते, आधी खाऊन घ्या." कुणी ऐकलं नाही.

"एकोणीस रात्री खोक्यात," मुलगा म्हणाला. "एकोणीस वेळा तार शाबूत. आणि चौदा वेळा कोपरा ओला."

"म्हणजे कुत्र्याने केलं नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"मग कुणी केलं?"

मी सूनबाईकडे बोट केलं. हो, केलं. आज ते बोट तोडून टाकावंसं वाटतं. "हिला विचार. पहाटे अंधारात तिथे बसलेली असते. ही पाणी ओतते तिथे. कुत्र्याला घालवायचंय हिला."

सूनबाई वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती शांतपणे म्हणाली, "हो. मी ओतते पाणी."

मला वाटलं, जिंकलो.

मुलगा उठला. हत्यारांच्या पेटीतून पटाशी घेतली आणि बोळाच्या टोकाला जाऊन बसला. आम्ही दोघं मागे. त्याने भिंतीकडची पट्टी अलगद उचकटली, उलटी केली, नाकाशी नेली. खालची बाजू काळी झाली होती, कडेला भुगा सुटत होता.

"पाण्याने असं होत नाही," तो म्हणाला. "आणि हे महिन्याभराचंही नाही. इतकं आत जायला सात-आठ महिने लागतात."

"बघ!" मी म्हटलं. "पिल्लू येऊन महिना झालाय फक्त. सुटला की नाही बिचारा?"

मुलगा खालीच बसून होता. त्याने पट्टीवरची नजर काढली नाही. "बाबा, आपल्या जुन्या घरात पलंगावरून उतरून डावीकडे गेलं की काय होतं?"

"डावीकडे? अकरा पावलं आणि बाथरूमचं दार," मी म्हटलं. ठणठणीत आवाजात म्हटलं. चाळीस वर्षं त्या वाटेने डोळे मिटून गेलो होतो, मला काय विचार करायला लागतो? आणि म्हणून झाल्यावर मी माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारातून डावीकडे पाहिलं. कपाटाशेजारच्या कोपऱ्यापर्यंत.

मला काहीच आठवत नव्हतं. एकही पहाट आठवत नव्हती. तेच सगळ्यात भयंकर वाटलं. चौतीस वर्षांत माझी एक नोंद चुकली नाही, आणि या चौदा खेपांतली एकही माझ्या डोक्यात नव्हती.

"आठ महिने तू पुसत होतीस?" मुलाने बायकोला विचारलं. "मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" ती म्हणाली. "मामांचं चार दिवसांत उरकलंस. तुला वास यायला लागला म्हणून मी पिल्लू आणलं. म्हटलं, वर्षभर तरी त्याच्यावर ढकलता येईल." मग ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. "बाबा, किती सांगितलं तुम्हाला, लिहू नका म्हणून."

मी आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि ज्या बाईने आठ महिने मला पाठीशी घातलं तिला चोर ठरवलं होतं. मला तिची माफी मागायची होती. मांडीवरून उतरलेला शिट्ट्या पायात घोटाळत होता.

मुलाने पट्टी परत जागेवर बसवली. तळहाताने दाबली, सांधा जुळला का ते पाहिलं, उठून हात धुतले. मग त्याने खाली वाकून, त्या महिन्यात पहिल्यांदाच, शिट्ट्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कुत्रं राहू दे," तो म्हणाला.

सूनबाई आणि मी त्याच्याकडे बघत उभे राहिलो. माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.