घुमीच्या गळ्यातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. मोठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कात्री म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती थोरलीच उभी राहते, काळ्या मुठीची, हातभर लांब. मी बोटभर आहे. एक पोलादी पट्टी मधोमध वाकवली, दोन्ही टोकांना धार लावली, की झाले मी तयार. चिमटीत दाबलं की मिटते, सोडलं की उघडते. शिवलेल्या कपड्यावर लोंबणारे धागे कापायचे, एवढंच माझं काम.

मी कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात आले. लांबलचक खोली, बारा शिलाई मशीन आणि खिडकीपाशी कापड कापायचं मोठं टेबल. मला ज्या बाईच्या हाती दिलं तिला सगळे घुमी म्हणत. दिवसभरात ती चार शब्द बोलली तरी डोक्यावरून पाणी! तिने मला लाल नाडीत ओवलं आणि गळ्यात अडकवलं. अकरा वर्षं मी तिथे राहिले. प्रत्येक कोट आम्ही दोघी उलटा करायचो, आतली एकेक शिवण बघायचो आणि धागे साफ करायचो. शेजारची बटणवाली म्हणायची, “घुमे, तुझी कात्री आहे की उंदराचे दात! जरा दे ना.” घुमी म्हणायची, “नाही.” बऱ्याचदा तो तिचा दिवसातला पहिला शब्द असायचा. माझी कॉलर ताठ व्हायची, कॉलर नसली तरी!

थोरली मात्र मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. ती मास्तरांची. कापड कापणारे ते एकटेच, आणि त्या टेबलाला बायकांनी हात लावायचा तो फक्त पुसायला. थोरली चालली की सगळे माना वर करून बघत. मी दिवसभर किटकिट करायची, माझ्याकडे कोण बघतंय? पण घुमी माझी होती, म्हणून मी गप्प होते.

मग मास्तरांचा हात थरथरू लागला. वर्षअखेरीला ते काम सोडणार आणि त्यांचे जावई टेबल सांभाळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं. एके दिवशी घुमी डबा तसाच ठेवून उठली आणि मालकीणबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

“मला कापायचंय.”

“काय कापायचंय?”

“कापड. टेबलावर.”

मालकीणबाईंनी चष्मा काढला. “शिकलीयस किती?”

“सातवी.”

“अगं, छातीचा चौथा भाग, खांद्याचा अर्धा, सगळा अपूर्णांकांचा खेळ असतो तो. येतात का?”

“येत नाहीत. शिकते.”

“शीक तर खरी. मग बघू.”

झालं! माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. घुमी संध्याकाळी कटिंगच्या वर्गाला जाऊ लागली. जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर वही उघडून बसायची. ती वाकली की मी गळ्यातून लोंबून नेमकी आकड्यांवर पडायची. मुद्दामच म्हणा ना! ती मला उचलून पाठीवर टाकायची आणि पुन्हा वाकायची. पुन्हा मी पुढे, पुन्हा पाठीवर. एकदा तर तिने मला नाडीसकट काढून खिडकीत ठेवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा! त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढे तर हद्दच झाली. मास्तर जेवायला गेले की त्यांच्या परवानगीने ती थोरलीला हातात घेऊन चिंध्या कापू लागली. थोरलीला कागद कापायला लावायचा नाही, तिची धार जाते म्हणे. मग वर्तमानपत्राचे फर्मे, म्हणजे कापडावर ठेवून आखायचे मापाचे नमुने, कोणी कापायचे? मी! थोरलीने मखमल कापायची आणि मी शिळ्या बातम्या. सवत परवडली, पण असली थोरली नको.

वर्षअखेर आली. मालकीणबाईंनी सरळ सांगितलं, “दोघांनी एकेक कोट कापा. शिवून पुतळ्यावर चढवू. ज्याचा बसेल त्याचं टेबल.” जावईबापू हसले. घुमी हसली नाही. हे हुकलं तर जन्मभर धागेच कापायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मित्रांनो, खरं सांगते, ते हुकावं असंच मला वाटत होतं.

मास्तरांनी दोघांपुढे आपले जुने पुठ्ठ्याचे फर्मे ठेवले. “हे ठेवा कापडावर आणि कापा.” एवढंच बोलले.

आता एक गोष्ट समजून घ्या. शिवण घालायची तर रेघेच्या बाहेर थोडं कापड जास्तीचं सोडावं लागतं. ते शिवणीत आत जातं. त्याला शिवणकामात माया म्हणतात. काही फर्म्यांत माया धरलेली असते, काहींत नसते. मास्तरांच्या फर्म्यांत ती नव्हती. तीस वर्षं त्यांचा हात ती आपोआप सोडत आला होता, त्यामुळे सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही, स्वतःच्या जावयालासुद्धा नाही. जावईबापू ज्या कारखान्यातून आले तिथे माया धरलेलेच फर्मे असत. त्यांनी खडूची रेघ मारली आणि रेघेवरून झरझर कात्री चालवली.

मला हे कळलं होतं. इतकी वर्षं आतल्या शिवणी बघितल्यावर कळणार नाही? पण मला वाचा असती तरी मी चकार शब्द काढला नसता. घुमीने थोरली उचलली. कापडावर टेकवली. मी मनात म्हटलं, काप बाई, रेघेवरून काप, आणि ये परत माझ्याकडे.

ती थांबली. थोरली खाली ठेवली. कोपऱ्यातला एक तयार कोट आणला, उलटा केला, आणि मला हातात घेतलं. माझ्याच धारेने तिने बगलेतले चार टाके उसवले, आतलं कापड उलगडलं आणि शेजारी फर्मा लावून टेपने मोजलं. बाजूला एक इंच, खांद्याला अर्धा, खाली दोन. मग कापडावर दुसरी रेघ मारली, पहिलीच्या बाहेर. बघा माझं नशीब! थोरलीचं भलं माझ्याच तोंडून व्हायचं होतं. कापडाला माया मिळाली, मला मिळाली ती पुन्हा खिडकी.

दुपारी दोन्ही कोट पुतळ्यावर चढले. जावईबापूंच्या कोटाची बटणं काजापर्यंत पोचेनात. बटणवालीने ओढून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. घुमीचा कोट पुतळ्याला अगदी बेतल्यासारखा बसला.

मास्तर कितीतरी वेळ तो कोट चाचपत राहिले. “चूक माझी. मायेचं मी बोललोच नाही. तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्ही कोट सुलटा बघता, मास्तर. मी अकरा वर्षं उलटाच बघतेय.”

इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, “उद्यापासून टेबल तुझं.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. बटणवालीने विचारलं, “आता तुला म्हणायचं काय गं? मास्तरीणबाई?” घुमी म्हणाली, “मास्तरच म्हणा. काम तेच आहे.”

माझं नाव कुणी काढलं नाही. मी चार महिने खिडकीत गंजत पडले, आणि थोरलीला रोज तेलपाणी होताना बघत राहिले.

मग धाग्यांच्या कामाला एक नवी बाई लागली. घुमीने माझा गंज घासला, धार लावून आणली आणि मला तिच्या हाती दिलं. काय सांगू, मी मोहरून गेले! नवी चिमटी, नवी सोबत. तेवढ्यात घुमी तिला म्हणाली, “शिकलीस किती?”

“पाचवी.”

“जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन टेबलापाशी ये.”

अहो, अजून तिच्या बोटांची मला नीट सवयही झाली नव्हती, आणि ही तिला निघायची वाट दाखवून मोकळी!

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी कात्री असेल तर तिला महिन्यातून एकदा थेंबभर तेल द्या. ओल्या जागी टाकू नका. आणि तुमची आई, काकू, ताई कधी वही उघडून बसली, तर तिला मध्येच हाक मारून उठवू नका. ते मी करून पाहिलंय. फार वाईट वागले मी.