चौथी प्रत

गुरुदास मास्तरांना पुतणीचा राग यायला कारण लागत नसे, पण या वेळी तिने ते आयतं हातात दिलं होतं. भर क्लासात, अकरा मुलींच्या देखत, कावेरीने त्यांच्या लाडक्या मशीनला साफ नकार दिला होता.

मालवणच्या बाजारात, एका कापडवाल्याच्या माडीवर मास्तरांचा टायपिंग क्लास होता. सात मशीन साध्या, ठोकळ अक्षरांची. आठवं मात्र खिडकीपाशी, मखमली कापडाखाली. त्याची इंग्रजी अक्षरं बारीक, तिरकी आणि एकमेकांत अडकलेली होती. म्हापशाच्या एका पेढीने मोडीत काढलेलं ते यंत्र मास्तरांनी एसटीतून मांडीवर घेऊन आणलं होतं. कुणाचाही नोकरीचा अर्ज असो, तो टाइप करायला त्या मशीनवर स्वतः मास्तर बसत. लोकही असे अजब, की कागद उजेडात धरून अक्षराचं कौतुक करत आणि आत काय लिहिलंय ते वाचायच्या भानगडीत पडत नसत.

रत्नागिरीतून नवा जिल्हा सुटा होऊन दोन वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या उघडत होत्या आणि त्यातल्या एकीला इंग्रजी टायपिस्ट हवा होता. अर्ज आणि माहितीचा कागद, दोन्ही चार प्रतींत, निवड करणाऱ्या चौघांसाठी. वयाची अट अठ्ठावीसच्या आत. कावेरीला श्रावणात अठ्ठावीस पूर्ण होणार होती, म्हणजे ही तिची शेवटची संधी. भाऊ, म्हणजे कावेरीचे वडील, गेल्यावर मास्तरांनी तिला क्लासात शिकवायला ठेवलं होतं, आणि सहा वर्षं ते उपकार तिला न चुकता ऐकवले होते. ही नोकरी तिला भाकरीइतकीच त्या ऐकण्यातून सुटायलाही हवी होती.

मास्तर मखमल काढून बसले तेव्हा ती म्हणाली, "काका, हो अर्ज आसा, लग्नाची पत्रिका न्हय. माका साधी अक्षरा व्हयी."

मास्तरांचे कान लाल झाले. माझ्या क्लासातला अर्ज ठोकळ अक्षरात गेला तर माझी काय अब्रू राहील, असं त्यांनी विचारलं. अब्रू तुमची, नोकरी माझी, असं ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर जाऊन बसली. देवबागची सरला, जिचं बोट अजून चुकीच्या अक्षरावर पडत असे, तीही तिच्या शेजारी जाऊन त्याच साध्या अक्षरांत त्याच जागेसाठी आपला अर्ज बडवू लागली. मास्तरांना वाटलं, क्लासच फितूर झाला.

त्या दिवसापासून काका-पुतणीचं बोलणं बंद. खडू संपला तरी निरोप सरलाकडून. पण अर्जावर सही कावेरीची असली, तरी माहितीच्या कागदावर सही आणि शिक्का क्लासच्या चालकाचा लागत होता. तिने सगळे कागद उघड्या पाकिटात घालून मास्तरांच्या टेबलावर पाठवले. ते सही करून पोस्टात टाकणार, यात तिला शंका नव्हती. काका कितीही तुसडा असला तरी आपल्या कामाशी खोटा नव्हता, असं ती धरून चालली होती.

मुली जेवायला गेल्या तशी मास्तरांनी मखमल काढली. माहितीचा कागद अक्षरशः तसाच, एक शब्द इकडे तिकडे न करता, आपल्या मशीनवर उतरवला. मूळ कागदाखाली तीन कार्बन. वरची प्रत अशी देखणी उतरली की त्यांना भरून आलं. पोरीला कळत नाही, पण साहेब बघताक्षणी ओळखेल कुणाच्या हाताखालची आहे ते, असं ते मनाशी म्हणाले. भराभरा चारही कागदांवर सह्या केल्या, शिक्के मारले आणि खालच्या प्रती वाचून न बघता पाकीट चिकटवलं. तिने टाइप केलेले माहितीचे साधे कागद फाडून टाकले. तेवढं करताना त्यांना थोडंसं बरंही वाटलं.

सरलाला मुलाखतीचं पत्र आलं. कावेरीला आलं नाही. आषाढ गेला, श्रावण लागला, तिचा वाढदिवस झाला, आणि मग पाकीट परत आलं. वर शेरा होता: माहितीपत्राच्या सर्व प्रती वाचनीय नसल्याने अर्ज विचारात घेता आला नाही.

कावेरी पाकीट घेऊन सरळ मास्तरांच्या टेबलाशी आली. दोन महिन्यांनी प्रथमच ती त्यांच्याशी बोलत होती. तिने सगळ्यात खालची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

"वाचा."

मशीन एकेक करत थांबली. मास्तरांनी चष्मा लावला आणि घडाघडा सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, गाव, शाळा, वेग मिनिटाला पन्नास शब्द.

"पाठ म्हणू नकात," कावेरी म्हणाली. तिने तळहाताने वरचा अर्धा कागद झाकला. "हयसून वाचा."

मास्तर खाली वाकले. बारीक अक्षरांच्या जोडरेषा तिसऱ्या कार्बनखाली एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कागदावर निळसर ओळी होत्या, शब्द नव्हते. त्यांनी कागद खिडकीकडे धरला, मग डोळ्यांजवळ आणला. घामाने त्यांचा चष्मा घसरला. समोर सगळा क्लास बघत होता आणि मदतीला कुणीही पुढे येत नव्हतं.

"दिसणा नाय," अखेर ते म्हणाले.

"त्यांकापण दिसूक नाय," कावेरी म्हणाली. "आणि माका आता अठ्ठावीस पुरी झाली."