नखाएवढा तुकडा

"काका, तो तुकडा कुठंय?"

डॉक्टर सिद्धलिंगप्पांचा हात ट्रेवर गेला आणि तिथंच थांबला. समोर खुर्चीत सोजरबाई आ वासून बसली होती. डोळे छताला लावलेले, दोन्ही मुठी पदरात घट्ट.

"कुटला तुकडा, डॉक्टर?" मदतीला उभ्या असलेल्या बिरप्पानं विचारलं.

"आत्ता टाळूचा काढला तो. ओल्या गॉजच्या घडीत ठेवला होता."

"त्यो व्हय? टाकला की बादलीत!"

असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जरा फुशारकीच होती. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. थोरले डॉक्टर वीरभद्रप्पा, सगळ्यांचे अप्पा, यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तोंडातून निघालं की बादलीत. पेशंटच्या नजरेला पडता कामा नये." तेव्हापासून दात असो, मुळाचा तुकडा असो, रक्ताचा बोळा असो, चिमट्यातून सुटला रे सुटला की बिरप्पानं तो नाहीसा केलाच म्हणून समजा. अप्पांच्या दवाखान्यात आपला दात कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

धाकट्या डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. पण बाई जागी होती, बधिर होती ती फक्त टाळू आणि हिरडी. ते अगदी हळू म्हणाले, "अहो काका, तोच तर हिरडीला लावायचा होता."

मग खुर्चीकडं वळून म्हणाले, "सोजरबाई, दुसऱ्या बाजूनंही थोडं काढावं लागेल हं."

सोजरबाईनं घशातून हुंकार भरला. भीतीनं तिच्या कानात बाकी काही शिरलंच नव्हतं; तिला वाटलं, असंच असतं.

"तुम्ही बाहेर बसा काका. आणि ट्रेला हात लावू नका."

बिरप्पा बाहेर आला आणि बाकावर टेकला. खुर्चीत पेशंट आणि बिरप्पा बाहेर, असं बावीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. त्याचं काम डोकं धरायचं. दोन्ही तळवे कानशिलांवर ठेवून तो पुटपुटायचा, "काय न्हाय, काय न्हाय, झालंच बगा," आणि भलेभले पैलवानसुद्धा तोंड उघडायचे. आता त्या हातांचं काय करायचं, हेच त्याला सुचेना. त्यानं ते मांड्यांखाली दाबून धरले.

पलीकडं आरामखुर्चीत अप्पा पेपर वाचत होते. दोन वर्षांमागं, दुष्काळ सरता सरता, त्यांचे हात थरथरायला लागले आणि मुंबईहून शिकून आलेल्या मुलानं खुर्ची सांभाळली. पेपरही आता हलत होता.

"अप्पा, टाळूचं मांस हिरडीला कसं चिकटंल वो?"

"बोरीला कलमाचा डोळा भरतात, पाहिलंयस ना? तसंच म्हणतो पोरगा. तिची हिरडी उतरलीय, दात उघडा पडलाय. तिथं तिच्याच टाळूचं कातडं बसवायचं. आठ-दहा दिवसांत जीव धरतं म्हणे."

"बोरीला बुडात मुळं असत्यात. सोजरबाईच्या तोंडात कुटली आली मुळं?"

अप्पा पेपराची घडी घालायला लागले, ती काही त्यांना नीट जमेना.

"मलाही नीट कळत नाही रे," ते म्हणाले. "आपण आपलं काढत आलो. मी काढायचं, तू टाकायचं."

संध्याकाळी धाकटे डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "काका, यापुढं तुम्ही दार आणि नंबर सांभाळा. आत मी एक नर्स ठेवतोय."

बिरप्पाला लई वाईट वाटलं. चुकला होता तो, कबूल. पण चुकला कुठं, हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. तोंडातून निघालेलं परत तोंडात जातं, हे कुणी सांगितलं होतं त्याला? रात्री भाकरी खाता खाता तो सारखी जिभेनं आपलीच टाळू चाचपत राहिला.

तिसऱ्या दिवशी सोजरबाई तोंड दाखवायला आली. मागाच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची, दिवसाकाठी शेकड्यांनी दोरे दातांनी तोडायची. दात पडला तर काम कसं व्हायचं, म्हणून तर आली होती बिचारी. बाकावर बसत ती बोबडं बोलली, "लई आग हुतीया बग. दोन्ही अंगानं. नुसती पेज पितीया."

दोन्ही अंगानं म्हटल्यावर बिरप्पाला राहवेना. डॉक्टर काही बोलले नव्हते, तोही गप्प बसता तर कुणाला पत्ता लागला नसता.

"सोजरबाई, येक अंग माज्यापायी कापलं. पयला तुकडा म्या टाकून दिला. मला वाटलं, नेहमीचंच काढून टाकायचं हाय."

तिनं गालावरचा पदर काढला. "माजं मांस कचऱ्यात टाकलंस व्हय रं मुडद्या?"

बाकावरची माणसं खो खो हसली. बिरप्पा मान खाली घालून नंबरांचे बिल्ले लावत बसला. संपलं, त्याला वाटलं. आता दारही जाणार.

दहाव्या दिवशी टाके काढायचे होते. नर्स अजून मिळाली नव्हती. बाहेर बिरप्पाला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"तोंड उघडा बाई."

चिमटा परत ट्रेवर ठेवल्याचा आवाज आला.

"बाई, दुखणार नाही. उघडा."

"त्यो टकुरं धरणारा कुटाय?"

"टाके काढायला डोकं धरायची गरज नसते."

"तुमाला नसंल. मला हाय."

"अहो, त्यांनीच तर तुमचा..."

"म्हाईत हाय मला. त्यानंच सांगितलंय." जरा थांबून ती म्हणाली, "तुमी कुटं सांगितलंत?"

मग पडदा सरला. "काका, या आत."

बिरप्पानं दोनदा साबणानं हात धुतले, पुसले आणि तळवे तिच्या कानशिलांवर ठेवले. केसांत कापसाची पांढरी कुसं अडकली होती. "काय न्हाय, काय न्हाय," तो म्हणाला. सोजरबाईनं तोंड उघडलं.

दाताच्या बुडाशी तो नखाएवढा तुकडा बसला होता. कडेनं बारीक रेघ, आणि मधे फिकट गुलाबी. तान्ह्या लेकराच्या हिरडीगत.

"जगलं की वो!" बिरप्पा मोठ्यानं बोलून गेला. कसं जगलं, ते त्याला अजूनही कळलं नव्हतं.

डॉक्टर हसले. त्यांनी कात्रीनं टाका तोडला, चिमट्यानं ओढला आणि ट्रेमधल्या गॉजवर ठेवला. काळ्या दोऱ्याचा मुंगीएवढा तुकडा. बिरप्पाचा हात सवयीनं निघाला आणि मधेच थांबला.

"डॉक्टर," त्यानं विचारलं, "ह्यो टाकायचा, का ठिवायचा?"